काचेची नळी

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळी आठच्या राउंडला कॅज्युअल्टीत शिरले, तर ट्रॉलीच्या कोपऱ्यात, किडनी ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्यांशेजारी एक नळी आडवी पडली होती. तळाशी बोटभर रक्त. सवयीने उचलली आणि तिरकी केली. रक्त हललं नाही. घट्ट गोठून तळाला चिकटलं होतं. नळीवरच्या पट्टीवर पहाटे दोन चाळीसची वेळ आणि एका पेशंटचं नाव होतं. तोच पेशंट चार नंबरच्या कॉटवर होता आणि त्याच्या केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं : वीस मिनिटांत रक्त गोठलेलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज आत येत होता. मी ती नळी हातात धरून उभीच राहिले, कारण या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. घोणस सापाचं विष रक्त गोठू देत नाही. ते भिनलेलं असतं तर हे रक्त सकाळपर्यंत असं घट्ट झालं नसतं.

मग अंगठ्याला जाणवलं. नळी वजनाला हलकी होती. बोटांना थंड लागत नव्हती.

नळी प्लॅस्टिकची होती.

पेशंट म्हणजे रोपलागणीला गेलेली एक पंचावन्न-साठीची बाई. संध्याकाळी खाचरात पाय टाकताना घोट्याजवळ काहीतरी डसलं. पाण्यात सळसळ झाली एवढंच दिसलं, जात कुणाला कळली नाही. आधी गावातल्या एकाने फडकं आवळून बांधलं, मग जीप मिळेपर्यंत मध्यरात्र झाली. आमच्याकडे आली तेव्हा पाय थोडा सुजलेला, दातांच्या खुणा अस्पष्ट, बाकी सगळं ठीक. ड्यूटीवर फर्स्ट इयरचा रेसिडेंट होता. त्याने पद्धतीप्रमाणे रक्त काढलं, नळी लावली, घड्याळ पाहिलं. वीस मिनिटांनी तिरकी केली, रक्त वाहिलं. सापाच्या लसीच्या दहा व्हायल सुरू झाल्या. दहा मिनिटांत बाईच्या अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, छातीत सूं-सूं सुरू झालं, बीपी घसरलं. ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, काहींच्या अंगाला ती सोसत नाही. त्या मुलाने तत्क्षणी ड्रिप बंद केली, अर्धा मिलिग्रॅम अॅड्रिनलिन मांडीत दिलं, पाय वर घेतले, सलाइन सोडलं, ऑक्सिजन लावला. पंधरा मिनिटांत बाई सावरल्या. नाइटच्या सिस्टर नंतर मला म्हणाल्या, “मॅडम, पोराचा हात जराही थरथरला नाही.” सहा वाजता लॅबचा रिपोर्ट आला. रक्त गोठण्याची तपासणी नॉर्मल. तो त्याने पाहिला होता आणि लसीचा गुण आला असं समजला होता. पण ते रक्त लस देण्याच्या आधी काढलेलं होतं.

सापाच्या देशात राहणाऱ्या डॉक्टरांसाठी ही तपासणी म्हणजे मोठा आधार आहे. मशीन नको, वीज नको. दोन मिली रक्त, नवी कोरडी काचेची नळी, आणि वीस मिनिटं तिला हात न लावण्याचा संयम. काचेचा पृष्ठभाग रक्ताला गोठायला उद्युक्त करतो. प्लॅस्टिक ते काम तितक्या लवकर करत नाही, त्यामुळे निरोगी माणसाचं रक्तसुद्धा वीस मिनिटांनी पातळ दिसू शकतं. साबणाने धुतलेल्या काचेचंही तेच. हे सगळं मी त्या बॅचला जूनमध्ये शिकवलं होतं. ‘नळी काचेचीच’ हे वाक्य स्लाइडवर लाल अक्षरात होतं. हजेरीच्या कागदावर त्या मुलाची सही आहे, मी नंतर काढून पाहिली. का पाहिली, ते सांगता येत नाही. कदाचित माझी बाजू भक्कम आहे ना हे बघायचं होतं. सही पाहून मात्र बरं वाटायच्या ऐवजी पोटात कसंतरी झालं.

मी त्याला केबिनमध्ये न बोलावता बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. रात्रभर जागलेल्या माणसाच्या डोळ्यांत एक कोरडी चमक असते, ती त्याच्या डोळ्यांत होती. नळी समोर ठेवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं. वॉर्डबॉय मामांनी नळी हातात दिली तेव्हा आठवलंच नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. माहीत होतं आणि आठवलं नाही. त्याच रात्री, त्याच तासात, त्याच मुलाला अॅड्रिनलिनचा डोस, जागा, पाय वर घेणं, सगळं न विचारता आठवलं. फरक कसला? अॅड्रिनलिनचा सराव आम्ही मे महिन्यात पुतळ्यावर केला होता. प्रत्येकाने सहा-सहा वेळा, ओरडाआरडा चालू ठेवून, मुद्दाम दिवे मंद करून. ते त्याच्या हातात गेलं होतं. नळीची गोष्ट मी फक्त सांगितली होती. ती त्याच्या कानात राहिली.

मी स्वतः ही नळी कुठे शिकले, ते आठवायचा प्रयत्न केला. कॉलेजात तर नाहीच. २००५ साली बाँडच्या नोकरीवर कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथल्या म्हाताऱ्या शिपायाने शिकवलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. कपाटातल्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात त्यांनी कागदात गुंडाळून नळ्या ठेवल्या होत्या. मी एकदा सिंकमधली धुतलेली नळी घ्यायला गेले, तर तात्यांनी माझा हात धरला. “बाई, ती साबणाची. ह्यात रगत धरायचं नाय.” कारण त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण त्या हात धरण्यामुळे मी पुढे कधी चुकले नाही. त्यांच्या बोटांना टिंक्चर आयोडिनचा वास यायचा, तोही लक्षात आहे.

त्याच भागात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, १९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर नावाचा तरुण डॉक्टर लाल विंचू चावलेल्या मुलांच्या उशाशी रात्ररात्र बसून नोंदी ठेवत होता. घाम, थंडगार हातपाय, वाढलेलं बीपी, मग फुप्फुसात पाणी, तोंडाला फेस, आणि मृत्यू. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. त्यांनी ते पेशंटकडून काढलं. बीपीसाठी वापरली जाणारी प्रॅझोसिनची साधी गोळी पुढे विंचवावरचा इलाज ठरली आणि बिरवाडी-महाडचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या पानांवर गेला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. योगायोग असा, की त्याच १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान शेतात कोसळलं. बायको गेली, मुलं जबर जखमी झाली, आणि जवळच्या लहान इस्पितळात त्यांच्यावर झालेले उपचार पाहून तो माणूस हादरला. दोन वर्षांत, १९७८ मध्ये, त्याच राज्यात एक शिबिर भरलं. आज जगभरचे डॉक्टर अपघाताच्या पेशंटसाठी ‘एटीएलएस’ म्हणून जे शिकतात, त्याची ती सुरुवात. मी तो कोर्स केला तेव्हा श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम पाठ केला. त्यामागे एका माणसाची एक रात्र आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आधी कळलं असतं तर वेगळ्या मनाने शिकले असते.

आमच्या वेळी इमर्जन्सी मेडिसिन ही शाखाच नव्हती. मेडिकल कौन्सिलने तिला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली २००९ मध्ये. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे ज्याची पाळी येईल तो. सीनियर जे करत, ते आम्ही करत होतो. २००४ ला इंटर्नशिप करताना डोक्याला मार लागलेल्या कित्येकांच्या कागदावर मी स्टिरॉइड लिहिलं आहे. मेंदूची सूज उतरते, असं सांगितलं होतं आणि ते पटण्यासारखंच होतं. त्याच वर्षी दहा हजारांवर पेशंटचा ‘क्रॅश’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत शंभरातले एकवीस गेले, न दिलेल्यांत अठरा. औषध वाचवत नव्हतं, मारत होतं. त्या काळात माझ्या हाताखालून गेलेल्या शंभरांतले ते जास्तीचे तिघे कोण, हे मला कधीच कळणार नाही. आणि त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की तो निकाल माझ्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली. तोपर्यंत आरोग्य केंद्रात मी तेच लिहीत होते, आत्मविश्वासाने.

म्हणून आता हाताखालच्या मुलांना काही सांगताना मला भीती वाटते. मी आज ठामपणे सांगते त्यातलं काय उद्या खोटं ठरणार आहे? हृदय बंद पडून मॉनिटरवर सरळ रेघ आली की अॅट्रोपिन द्यायचं, हे आम्ही घोकलं होतं. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतून ते निघून गेलं. सापाची लस देण्याआधी टेस्ट डोस द्यायचा, हेही घोकलं होतं. रिअॅक्शन कुणाला येणार हे त्यावरून कळत नाही, म्हणून तेही गेलं. पण अजून तालुक्याच्या ठिकाणाहून आलेल्या चिठ्ठ्यांवर ‘टेस्ट डोस दिला’ असं वाचायला मिळतं. लिहिणारा आळशी नसतो. त्याला कुणी कळवलेलं नसतं, एवढंच.

कळवायची व्यवस्था आहे. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत तीस क्रेडिट तास लागतात. चांगला नियम आहे, त्याच्यामुळे कित्येक जण वर्षातून एकदा तरी नवीन काही ऐकायला बसतात. मीही बसते आणि काहीतरी घेऊन परत येते. पण तिथे बसलेले तास मोजले जातात. नळी हातात आल्यावर आठवलं की नाही, हे मोजणारं कुणी नाही. आणि रेसिडेंटचं तर विचारूच नका. आमचा वर्ग गुरुवारी दुपारी दोनला असतो. नाइट संपवून, राउंड उरकून, रिपोर्ट गोळा करून मुलं येतात. खोलीत एसी, अंधार, स्लाइड. पहिल्या दहा मिनिटांत एकाची मान कलंडते. मला पूर्वी राग यायचा. आता मी त्याला झोपू देते, कारण ती झोप माझ्या व्याख्यानापेक्षा त्याच्या पुढच्या पेशंटच्या जास्त कामाची आहे. आठवड्यातले दोन तास या मुलांना ड्यूटीतून पूर्ण मोकळे करा, फोन दुसऱ्याकडे द्या, असा अर्ज मी तीनदा केला. दर वेळी माणसं कमी असल्याचं उत्तर आलं. माणसं खरंच कमी आहेत, हे मलाही दिसतं. पण या देशात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार लोक साप चावून मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांतल्या मृत्यूंचा तो अंदाज आहे. २०३० पर्यंत हा आकडा निम्म्यावर आणायचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ते शेवटी पहाटे दोन चाळीसला जागा असलेला फर्स्ट इयरचा मुलगाच गाठणार किंवा चुकवणार. त्याचे दोन तास आपल्याकडे नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही.

त्या गुरुवारी मी स्लाइड लावल्या नाहीत. टेबलावर तीन नळ्या ठेवल्या : एक नवी काचेची, एक प्लॅस्टिकची, एक काचेचीच पण साबणाच्या पाण्याने धुतलेली. बाही वर केली आणि म्हटलं, काढा रक्त. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक मुलगी पुढे आली, तिने सफाईने शीर घेतली. प्रत्येक नळीत दोन मिली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं. मी सांगितलं, कुणी हात लावायचा नाही.

वीस मिनिटं फार मोठी असतात. कॅज्युअल्टीत ती जाणवत नाहीत, तिथे दुसरा पेशंट येतो, तिसरा येतो. रिकाम्या खोलीत तीन नळ्यांसमोर बसलं की कळतं. पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. पंखा कुरकुरत होता. मग तो मुलगा, त्या रात्रीचा, आपणहून उभा राहिला. मी त्याला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. त्याने त्या रात्रीची हकीकत पहिल्यापासून सांगितली. मामांनी नळी कुठून आणली, आपण ती न बघता कशी घेतली, लॅबचा रिपोर्ट कसा आपल्याला हवा तसा वाचला. तो ठाण्यात वाढलाय, भाताचं खाचर त्याने आमच्याकडे आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. आवाज एकदाच अडकला, बाईंचं नाव घेताना. कुणी हसलं नाही, कुणी मान फिरवली नाही. थोड्या वेळाने मागच्या रांगेतली एक सेकंड इयरची मुलगी बोलू लागली. एरवी ती कधीच बोलत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगमध्ये पहाटे तीनला तिच्याकडे दहा वर्षांचा मुलगा आणला होता. पोट दुखतंय, उलटी झाली. तिने अॅसिडिटीचं औषध देऊन पाठवलं. सहा वाजता परत आणला तेव्हा त्याला पापण्या उचलता येत नव्हत्या, मान धरता येत नव्हती. मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेला होता. मण्यारीची खूण बहुतेक वेळा दिसतच नाही. मुलगा व्हेंटिलेटरवर चार दिवस राहून वाचला. “मी फक्त एवढं विचारलं नाही, की कुठे झोपला होता,” ती म्हणाली. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभर एकटीने बाळगलं होतं.

मीही मग स्टिरॉइडचं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं.

दोन एकतीसला कुणाच्यातरी लक्षात आलं. त्याच मुलाने नळ्या एकेक करून तिरक्या केल्या. नवी काचेची : रक्त जेलीसारखं घट्ट, नळी उलटी केली तरी पडेना. प्लॅस्टिकची : वाहिलं. साबणाची : वाहिलं. एकाच बाईचं, एकाच शिरेतलं, निरोगी रक्त. त्याने प्लॅस्टिकची नळी खाली ठेवली नाही, बराच वेळ बोटांत फिरवत राहिला. संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना मी पाहिली, तोवर तीही गोठली होती.

बाई तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. जायच्या आधी त्यांना सांगायचं होतं. आम्ही दोघं गेलो. मी म्हटलं, “आत्या, तुम्हाला जी सापाची लस दिली, ती बहुतेक लागत नव्हती. आमच्याकडून नळीची चूक झाली. त्या लसीनेच तुम्हाला त्रास झाला.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “म्हंजे बिनविषारी व्हता?” बहुतेक, मी म्हटलं. “मग ह्या पोरानं रातभर माझा हात का धरलावता?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, “पुन्यांदा खरा चावला तर ही लस चालंल का न्हाई, ते लिवून द्या.” इतका नेमका प्रश्न आमच्या दोघांपैकी कुणालाही सुचला नव्हता. लस लागली तर द्यावीच लागेल, पण रिअॅक्शन येऊन गेलीय हे समोरच्या डॉक्टरला आधी कळलं पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर त्याने ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, खाली तारीख घातली, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि पुढच्या बाजाराला आंबेमोहोर पाठवते म्हणाल्या. नको म्हणायचं मला जमलं नाही. तांदूळ आला. मी तो अजून शिजवलेला नाही.

श्रावणात एका रात्री तीनच्या सुमाराला फोन वाजला. तोच होता. “मॅडम, पंचवीस वर्षांचा मुलगा, गोठ्यात पायाला चावलंय, सूज गुडघ्यापर्यंत, हिरडीतून थोडं रक्त. नळी काचेची, नवी, मी स्वतः उजेडात धरून बघितली. दोन पन्नासला लावली.” मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दोन मिनिटं. लसीची तयारी आहे का, विचारलं. होती, अॅड्रिनलिनही भरून ठेवलं होतं. पापण्या? दर पाच मिनिटांनी वर बघायला सांगतोय, म्हणाला. मग आम्हा दोघांकडे बोलायला काही उरलं नाही आणि फोन कुणीच ठेवला नाही. त्याच्या बाजूने मॉनिटरची टिकटिक येत होती, कुणाची तरी आई हळू आवाजात देवाचं नाव घेत होती, आणि पत्र्यावर पाऊस. अजून आठ मिनिटं होती.